निर्धाव षटकांचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला की बोनस, महागाई आणि बंद पडलेल्या गिरण्या यांपलीकडे तो जाणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती बहुतेक वेळा खरीही ठरते. यंदा इतवारीतल्या श्रोत्यांपुढे आम्ही क्रिकेटचा विषय मांडला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही ज्येष्ठांच्या भुवया वर गेल्या. त्यांना एवढेच सांगावयाचे की, विषय मैदानावरचा असला तरी त्यातला प्रश्न आमच्या नेहमीच्या व्यवहारातलाच आहे. काही कामे अशी असतात की ती नीट झाली म्हणजे काहीच घडत नाही. काही घडू नये म्हणूनच ती करावयाची असतात. अशा कामाची किंमत हिशेबाच्या कोणत्या रकान्यात मांडावी, हा तो प्रश्न. त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आम्हाला कोठल्या कारखान्यात सापडले नाही. ते सापडले नाशिकला जन्मलेल्या एका डावखुऱ्या गोलंदाजाच्या आकड्यांत.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे आपले बापू नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३. पहिली कसोटी १९५५ साली दिल्लीला, न्यूझीलंडविरुद्ध. आणि ज्या दिवसाबद्दल आपण बोलणार आहोत तो १२ जानेवारी १९६४ चा रविवार. मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्या पहिल्या कसोटीचा तो तिसरा दिवस होता. भारताने ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. त्यात कुंदरनच्या १९२ आणि विजय मांजरेकरांच्या १०८ धावा होत्या. इंग्लंडचा डाव संपला तेव्हा बापूंच्या नावापुढे जे आकडे पडले ते असे: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

क्रिकेटशी ज्यांचा फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. एका गोलंदाजाने ओळीने टाकलेले सहा चेंडू म्हणजे एक षटक. त्या सहा चेंडूंवर गोलंदाजाच्या नावे एकही धाव लागली नाही, तर ते षटक निर्धाव. बोलताना आपण त्याला ‘मेडन’ म्हणतो. एक षटक निर्धाव जाणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. दोन-चार ओळीने गेली तर प्रेक्षक जांभया देतात. बापूंनी त्या दिवशी ओळीने २१ टाकली.

आता हे आकडे हजेरीपुस्तकासारखे वाचू. ३२ षटकांचे चेंडू होतात १९२. निर्धाव षटके २७, म्हणजे धाव निघालेली षटके पाच. आणि एकूण धावाही पाचच. तेव्हा त्या पाचांतल्या प्रत्येक षटकात एकेकच धाव गेली, हे कोणी न सांगताही कागदावरूनच सिद्ध होते. चौकार सोडाच, दोन धावांचा फटकासुद्धा नाही. १९२ चेंडूंपैकी १८७ कोरे. ही षटके त्यांनी चार हप्त्यांत टाकली. पहिल्या तीन षटकांत शून्य धावा, पुढच्या सातांत दोन, मग एकोणीस षटकांची लांबलचक पाळी आणि तीत एकच धाव, शेवटच्या तिनांत दोन. सलग २१ षटकांचे १२६ चेंडू, आणि त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या षटकांतले पाच धरून ओळीने १३१ चेंडूंवर त्यांच्या गोलंदाजीवर धाव निघाली नाही. त्या २१ षटकांना ११४ मिनिटे लागली. पावणेदोन तासांहून अधिक काळ एका टोकाचा गल्ला बंदच होता म्हणा ना!

कसोटी क्रिकेटमध्ये सलग निर्धाव षटकांचा हा उच्चांक आहे. चेंडूंचा उच्चांक मात्र दुसऱ्याच्या नावावर आहे. दक्षिण आफ्रिकेचा ह्यू टेफील्ड याने १९५६-५७ च्या मोसमात डर्बनला इंग्लंडविरुद्धच ओळीने १३७ चेंडू धाव न देता टाकले. पण त्या काळी तेथे षटक आठ चेंडूंचे असे, त्यामुळे षटके मोजली तर बापू पुढे आणि चेंडू मोजले तर टेफील्ड पुढे. मापाचे एकक बदलले की पहिला नंबर बदलतो. हजारी दराने बिड्या वळणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हे साधले कसे? बापूंच्या चेंडूला फार मोठी फिरकी नव्हती. फसवी उंची देऊन फलंदाजाला भुलवावे, हाही त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांचे सारे भांडवल म्हणजे टप्पा आणि दिशा. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर एक नाणे ठेवावयाचे आणि त्या नाण्यावर चेंडू टाकीत राहावयाचे, ही त्यांची रीत क्रिकेटच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. नाणे जेथे ठेवीत ती जागा महत्त्वाची. तेथे पडलेल्या चेंडूला पुढे सरसावून फटकावावे तर तो पुरेसा जवळ येत नाही, आणि मागे जाऊन कट मारावा तर तो तेवढी उसंत देत नाही. शिवाय चेंडू यष्टींच्या रोखाने आला की सोडूनही देता येत नाही; बॅट पुढे करून जागच्या जागी दाबावा लागतो. जवळ उभा असलेला क्षेत्ररक्षक तो उचलतो, गोलंदाजाकडे परत फेकतो, आणि मागचे सारे पुन्हा पहिल्यापासून. चुकून चार बोटे आखूड पडला तर एक धाव गेली. चार बोटे पुढे पडला तरी गेली. १३१ वेळा ते चार बोटांचे अंतर चुकले नाही. ज्यांनी मागावर किंवा लेथवर हात बसवला आहे त्यांना यातले कष्ट कळतील. अवघड काम एकदा करून दाखवणे निराळे आणि साधे काम शंभर वेळा हुबेहूब करणे निराळे.

येथे विरोधी पक्षाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचे वकीलपत्र एकतर्फी ठरेल. त्या दिवशी इंग्लंडच्या संघातले अनेक खेळाडू पोटाच्या विकाराने आजारी होते. मागे फलंदाजी उरली आहे की नाही, याचीच त्यांना काळजी होती. त्यामुळे खेळपट्टीवर असलेले ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन यांना धावांची घाई नव्हती. त्यांना टिकून राहावयाचे होते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर दोघांनी ‘नियमानुसार काम’ पुकारले होते. हजर आहोत, हत्यार हातात आहे, पण उत्पादन निघणार नाही! बोलसच्या ८८ आणि बॅरिंग्टनच्या ८० धावा झाल्या आणि इंग्लंडने ३१७ पर्यंत मजल मारली. सामना अनिर्णित राहिला. त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णितच राहिले. तेव्हा त्या २१ षटकांमागे गोलंदाजाइतकीच फलंदाजांचीही संमती होती, असा आक्षेप कोणी घेतला तर त्यात तथ्य आहे. बळी मिळवण्याचा प्रयत्न न करता धावा रोखून धरणे याला नकारात्मक खेळ म्हणतात, आणि ते दूषण बापूंना लावले गेले.

परंतु संमतीने एक रविवार समजावून सांगता येतो. सारी कारकीर्द नव्हे. १९६०-६१ साली पाकिस्तानविरुद्ध कानपूरला त्यांनी ३२ षटकांत २४ निर्धाव टाकून २३ धावा दिल्या, आणि दिल्लीला ३४ षटकांत पुन्हा २४ निर्धाव टाकून २४ धावा देऊन एक बळी घेतला. ४१ कसोटींत त्यांनी ९,१६५ चेंडू टाकले आणि २,५५९ धावा दिल्या. षटकामागे पडते १.६७. एवढ्या चेंडूंवर एवढ्या देशांच्या फलंदाजांनी एकमताने संप पुकारला होता, असे म्हणणे धाडसाचे होईल. आणि बॅरिंग्टन कोण होता? ज्याने कसोटीत २० शतके काढली आणि ज्याची सरासरी ५८ च्या वर होती, तो. हाताशी आलेला आखूड चेंडू तो धर्मादाय म्हणून सोडून देणारा नव्हता.

आता खरा मुद्दा. बापूंच्या नावापुढे शेवटचा आकडा शून्य आहे. त्याच डावात दुसरा एक गोलंदाज पाच बळी घेऊन गेला. तो म्हणजे पुण्याचे चंदू बोर्डे. ८८ धावांत ५ बळी. क्रिकेटमध्ये गोलंदाजी आलटून पालटून दोन टोकांनी होते. एका टोकाला धाव मिळत नाही असे दिसले की फलंदाज दुसऱ्या टोकाला हात मोकळे करू पाहतो, आणि तेथे तो चुकतो. बोर्ड्यांचे पाच बळी त्यांच्या स्वतःच्या कौशल्याचे होतेच. ते हिरावून घेण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण ज्या टोकाचे दार बंद होते त्याचा त्या पाचांत वाटा किती, हे लिहावयाला धावफलकावर रकानाच नाही.

इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या बाजूंच्या विणकर वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. हातमागावर लुगडे विणले की मजुरी मिळे ती लुगड्यामागे, आणि ती विणणाऱ्याच्या नावे. कांड्या भरून देणारी त्याची बायको, तुटलेले सूत सांधणारी मुलगी, ताणा पसरायला हात लावणारा म्हातारा बाप, यांचे नाव व्यापाऱ्याच्या वहीत नसे. कांडी वेळेवर भरली नाही तर माग थांबे, आणि तो थांबला तेवढ्यापुरतीच काय ती कांडी सर्वांच्या डोळ्यांत येई. माग चालू असला तर ती बाई कोणालाच दिसत नसे.

अशा शून्याचा मान ठेवणारा एक खेळ अमेरिकेत आहे, तो बेसबॉल. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. नऊ डावांत प्रतिपक्षाचे २७ गडी बाद करावयाचे असतात. त्या संपूर्ण सामन्यात एकाही फलंदाजाला चेंडू मारून सुखरूप पहिल्या तळावर पोहोचता आले नाही, तर त्याला ‘नो-हिटर’ म्हणतात, आणि तो पिचरच्या नावे कायमचा नोंदला जातो. (आपल्या २७ निर्धाव षटकांशी त्यांचा २७ चा आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग, त्यातून ज्योतिष काढू नये.) सँडी कोफॅक्स या डावखुऱ्या पिचरने १९६२ पासून १९६५ पर्यंत दर वर्षी एक असे चार नो-हिटर टाकले. चौथ्यात तर २७ फलंदाज आले आणि २७ च्या २७ परत गेले. नोलन रायन याच्या नावावर सात आहेत. पहिला १९७३ चा आणि शेवटचा १९९१ चा, वयाच्या ४४ व्या वर्षी. एवढे दुसऱ्या कोणालाही जमलेले नाहीत.

पण नो-हिटर टाकला म्हणजे सामना जिंकलाच, असे तेथेही नाही. बापूंनी मद्रासला २१ षटके टाकली त्याच १९६४ साली, २३ एप्रिलला, ह्यूस्टनच्या केन जॉन्सनने नऊ डावांचा नो-हिटर टाकला आणि तरी तो १-० असा हरला. क्षेत्ररक्षणातल्या चुकांनी, त्यांतली एक त्याची स्वतःची, सिनसिनाटीला ती एकुलती एक धाव मिळाली. तरीही त्याचा नो-हिटर नोंदवहीत कायम राहिला. संघ हरला तरी त्याने केलेले काम खोटे ठरले नाही. ही शहाणी पद्धत आहे असे आमचे मत आहे.

बापूंच्या वाट्याला याच्या उलट प्रसंगही आला. त्याच १९६४ च्या ऑक्टोबरात, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ असे ११ बळी घेतले. भारत १३९ धावांनी हरला. पहिल्या डावात एकही बळी नाही तेव्हा सामना राखला. अकरा बळी, तेव्हा गमावला. नुसते रकाने वाचून माणसाची योग्यता ठरवू पाहणाऱ्याने या दोन सामन्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. त्याच जानेवारीच्या मालिकेत कानपूरला त्यांनी फलंदाजी करून नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा काढल्या होत्या, हेही जाता जाता सांगून ठेवतो. नाहीतर लोकांना वाटावयाचे की या गृहस्थाला धावा या वस्तूचेच वावडे होते.

अमेरिकेतल्या त्या पिचरची पुढची हकीकत आमच्या खात्यातली असल्यामुळे ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६६ च्या वसंतात कोफॅक्स आणि त्याचा जोडीदार डॉन ड्रायस्डेल यांनी मालकाशी वेगवेगळे बोलावयाचे नाही असे ठरवले. दोघांनी मिळून तीन वर्षांचे दहा लाख डॉलर मागितले आणि ते मान्य होईपर्यंत सरावाला जाण्याचे नाकारले. मागितले तेवढे मिळाले नाही. पण आदल्या वर्षी ८५ हजार मिळवणाऱ्या कोफॅक्सला सव्वा लाख आणि ड्रायस्डेलला एक लाख दहा हजार डॉलर द्यावे लागले. दोघांची ही जूट म्हणजे संघटना नव्हे. पण संघटना कशाला म्हणतात याचा धडा बाकीच्यांना मिळाला. त्याच वर्षी बेसबॉल खेळाडूंनी आपल्या संघटनेच्या प्रमुखपदी मार्विन मिलर याला आणले. तो आला पोलाद कामगारांच्या युनियनमधून! १९६८ साली मालकांशी पहिला सामुदायिक करार झाला आणि किमान वार्षिक वेतन दहा हजार डॉलर ठरले. तोवर कोफॅक्स खेळातून बाहेर पडला होता. कोपराच्या संधिवाताने त्याला तिसाव्या वर्षीच निवृत्त केले. लढा त्याने दिला आणि पिकले ते दुसऱ्यांच्या शेतात. चळवळीत असे होतेच. आपल्याकडे त्या काळी क्रिकेटपटू पोटासाठी नोकरी करीत आणि रजा काढून देशासाठी खेळत. माजी खेळाडूंची अधिकृत संघटना उभी राहावयाला २०१९ साल उजाडले.

खेळाडूचे राहू द्या. असाच हिशेब आम्हाला वाटाघाटीच्या टेबलावर मांडावा लागतो, आणि तेथे फार पंचाईत होते. एका कारखान्यात बॉयलरवरच्या कामगारांसाठी आम्ही वरची श्रेणी मागत होतो. समोरच्या अधिकाऱ्याने विचारले, “या खात्याने वर्षभरात केले काय, ते आकड्यांत सांगा.” आमच्या बाजूला बसलेला जुना फायरमन शांतपणे म्हणाला, “साहेब, बॉयलर फुटला नाही.” टेबलाच्या दोन्ही बाजू हसल्या. श्रेणी मात्र त्या वर्षी मिळाली नाही. अधिकाऱ्याचा प्रश्नही अगदीच गैर नव्हता, हे कबूल केले पाहिजे. काही न करणारा मनुष्यही ‘काही झाले नाही’ हेच सांगू शकतो. राखणदार जागा होता म्हणून चोरी झाली नाही, की चोर आलाच नाही, हे सकाळी कसे ओळखावे? त्याला उपाय एकच: शेवटचा आकडा सोडून मधले काम पाहावयाचे. बॉयलरच्या काचेतली पाण्याची पातळी पाळीत किती वेळा पाहिली, झडप केव्हा तपासली, याची वही असते; ती उघडावी लागते. बापूंच्या बाबतीत ती वही सुदैवाने शिल्लक आहे, चेंडू-चेंडूची. म्हणून आपण आज इतक्या वर्षांनी त्यांची बाजू घेऊ शकतो. इतवारीहून नागभीडकडे छोटी गाडी २०१९ पर्यंत जात होती. तिच्या मार्गावर किती सांधेवाल्यांनी किती रात्री बरोबर सांधा बदलला, त्याची बाजू कोणत्या कागदावरून घ्यावी?

बापूंबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीही धावफलकाबाहेरची आहे. १९६२ च्या मार्च महिन्यात बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि ते मरणाच्या दारात गेले. तेव्हा रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, उम्रीगर आणि बोर्डे होते, आणि बापूही होते. या दुखापतीनंतरच नवाब पतौडींकडे कर्णधारपद आले, आणि मद्रासच्या त्या सामन्यात भारताचे कर्णधार तेच होते.

१९६८ साली न्यूझीलंडच्या दौऱ्यात भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली, ३-१ अशी. वेलिंग्टनला बापूंनी ४३ धावांत ६ बळी घेतले, आणि तो दौरा संपवून ते कसोटीतून निवृत्त झाले. ८८ बळी, १,४१४ धावा. पुढे भारतीय संघाचे सहायक व्यवस्थापक म्हणून त्यांनी काम केले. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांत ती २१ षटके होतीच.

त्यांचा विक्रम कोणी मोडील काय, असे एका श्रोत्याने व्याख्यानानंतर विचारले. एकदिवसीय सामन्यात गोलंदाजाला दहा षटके मिळतात आणि वीस षटकांच्या सामन्यात चार. तेथे साठ किंवा चोवीस चेंडूंच्या पुढे जाण्याची सोयच नाही. राहता राहिली कसोटी. तेथेही आता फलंदाज इतका वेळ एका गोलंदाजापुढे हात बांधून उभे राहत नाहीत. पण एक गंमत अशी की, या घाईच्या खेळानेच धाव न गेलेल्या चेंडूला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मोजणी दिली. ‘डॉट बॉल’ किती, हे आता दूरदर्शन संचावर आकड्यांनी दाखवतात. २०२३ च्या आयपीएलमध्ये शेवटच्या बाद फेरीच्या सामन्यांत तर अशा प्रत्येक चेंडूमागे ५०० रोपे लावण्याचे क्रिकेट मंडळाने जाहीर केले होते. पडद्यावर त्या चेंडूच्या जागी हिरवे झाडही उमटत असे. त्या दराने बापूंच्या ओळीच्या १३१ चेंडूंची ६५,५०० रोपे होतात, आणि डावातल्या एकूण १८७ कोऱ्या चेंडूंची ९३,५००.